देव घेतले, माणसे वगळली

लोकप्रिय साहित्यावरच्या एका तासाला आम्ही फळ्यावर नुसता 'झोंबी' हा शब्द लिहिला आणि त्यावरून काय आठवते, असे एम. ए.च्या विद्यार्थ्यांना विचारले. अर्ध्या वर्गाने आनंद यादवांचे नाव घेतले. उरलेल्या अर्ध्यांनी मान वाकडी करून, हात पुढे ताणून दाखवले. हशा पिकला. तसे पाहता दोन्ही उत्तरे बरोबर होती. यादवांची 'झोंबी' १९८७ची आणि १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणारी. शाळेसाठी आसुसलेल्या आणि बापाने मळ्याच्या कामाला जुंपलेल्या पोराची ती कहाणी. दुसरे उत्तर म्हणजे अमेरिकन पडद्यावरचे, माणसे खात हिंडणारे प्रेत; २०२२च्या 'झोंबिवली' या मराठी चित्रपटातून ते डोंबिवलीपर्यंत येऊन पोचलेच आहे. तास संपल्यावर मात्र आमच्या ध्यानात आले की तिसरे उत्तर कुणीच दिले नाही आणि आम्हीही ते सांगितले नाही. हैतीतला झोंबी वर्गात कुणाला आठवलाच नव्हता. वास्तविक तो यादवांच्या राबणाऱ्या पोराचा जवळचा नातलग आहे. पडद्यावरच्या प्रेताशी त्याचे नाते केवळ नावापुरते उरले आहे.

प्रस्तुत लेख त्या न दिलेल्या उत्तराविषयी आहे. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी कॅरिबियन बेटांवर जे धर्म घडवले, त्यांतले देव, विधी आणि भुते इंग्रजी फँटसीने आणि चित्रपटांनी मनमुराद उचलली. त्याबद्दल आमची तक्रार नाही. देव उचलणे हा साहित्याचा जुनाच उद्योग आहे. तसे नसते तर आपल्याकडे आख्यानकाव्येही झाली नसती. आमची तक्रार अशी की देव उचलताना त्यांना घडवणारी माणसे आणि त्यांचा इतिहास मागे टाकला गेला. आणि त्याहून मोठी तक्रार आपल्याच मंडळींविषयी आहे. "फँटसी आहे, तिला खऱ्याखोट्याचे काय?" एवढे म्हणून साहित्य शिकवणारे आपण हा सगळा प्रकार नजरेआड करतो.

आधी झोंबीचेच पाहू. सँ-दोमँग, म्हणजे आजची हैती, ही अठराव्या शतकात फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत होती. १७९१चे बंड पेटले तेव्हा सुमारे ५ लाख गुलाम तेथे ऊस आणि कॉफीच्या मळ्यांवर राबत होते. त्यांतले बहुसंख्य आफ्रिकेत जन्मलेले होते, कारण मळ्यावर माणसे इतक्या झपाट्याने मरत की जहाजे भरभरून नवी माणसे आणावी लागत. अशा जगण्यात मृत्यू हीच एक सुटका असते. मेल्यावर आत्मा पाणी ओलांडून पूर्वजांच्या भूमीला, 'गिने'ला, परत जातो अशी श्रद्धा तेथे रुजली. झोंबी म्हणजे ज्याला ही सुटकाही नाकारली गेली असा माणूस. बोकोर, म्हणजे पैसे घेऊन वाईट कामे करणारा मांत्रिक, त्याला थडग्यातून उठवतो, त्याचा आत्मा स्वतःकडे ठेवून घेतो आणि देह शेतावर राबायला लावतो. त्याला दमणे नाही, मजुरी नाही, तक्रार नाही. झोंबी आपल्याला खाईल अशी भीती हैतीतल्या शेतकऱ्याला वाटत नव्हती. आपला झोंबी होईल, ही त्याची भीती होती. या झोंबीला अळणी अन्न द्यायचे असते. मिठाचा कण जिभेला लागला की आपण मेलो आहोत हे त्याला उमगते आणि तो थडग्याच्या दिशेने चालू लागतो, असे लोककथा सांगतात. गुलामगिरी संपल्यावरही तिची आठवण लोकांच्या मनात कोणते रूप घेऊन राहते, याचे याहून नेमके उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

१९१५ ते १९३४ या काळात हैती अमेरिकन फौजांच्या ताब्यात होती. रस्ते बांधण्यासाठी शेतकऱ्यांना दोऱ्या लावून वेठीला धरले गेले, त्याविरुद्ध बंड झाले, ते मोडले गेले. याच काळात विल्यम सीब्रुक या अमेरिकन प्रवासलेखकाचे 'द मॅजिक आयलंड' हे पुस्तक १९२९ साली आले. त्यात झोंबी भेटतात ते एका अमेरिकन साखर कंपनीच्या उसाच्या फडात काम करताना. तीन वर्षांनी, १९३२ साली, 'व्हाइट झॉम्बी' हा चित्रपट निघाला. त्यातही साखरेचा कारखाना आहे. घाण्याभोवती फिरणाऱ्या प्रेतांपैकी एक आत पडते आणि बाकीची न थांबता फिरतच राहतात. इथवर श्रमाची आठवण शिल्लक होती. मात्र चित्रपटाला चिंता आहे ती एका गोऱ्या नववधूचा झोंबी होतो याची. घाण्याभोवतीचे काळे लोक हा नुसता देखावा आहे. पुढे १९६८ साली जॉर्ज रोमेरो यांचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' आला. त्यात 'झॉम्बी' हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही, पण आज जगाला ठाऊक असलेला माणूसखाऊ झॉम्बी त्यातूनच निघाला. रोमेरो हे लहान कलावंत नव्हेत. १९७८च्या चित्रपटात त्यांनी प्रेतांना खरेदीच्या मॉलमध्ये फिरवले आणि अमेरिकन उपभोगावर जे भाष्य केले ते आम्ही मोलाचेच मानतो. तरी झाले ते असे की राबणारा देह खाणारा देह झाला. ज्याची कीव यायची त्याच्या डोक्यात गोळी घालणे हा खेळ झाला. आज लाखो मुले संगणकावर तो खेळ खेळतात.

धर्माविषयीही तेच. हैतीच्या धर्माचे नाव 'वोदू'. बाजारात विकला जातो तो 'वूडू'. हा फरक केवळ उच्चाराचा नाही. अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'ने २०१२ साली आपल्या विषयसूचीतले शीर्षक बदलून 'वोदू' केले, ते अभ्यासकांच्या आग्रहामुळे. वोदूत 'बोंद्ये' हा निर्माता फार दूर असतो. रोजचा व्यवहार 'ल्वा' नावाच्या देवतांशी. विधी सुरू होण्यापूर्वी पुजारी मक्याचे पीठ चिमटीतून सोडत जमिनीवर त्या त्या ल्वाची आकृती काढतो. रांगोळी घालणाऱ्या कोणत्याही हाताला ती चिमूट ओळखीची वाटेल. सर्वांत आधी आवाहन होते ते लेग्बाचे. कुबडी टेकत येणारा, चौरस्त्यावर उभा राहणारा हा म्हातारा दार उघडतो. त्याच्याशिवाय दुसरा कोणताही देव येऊ शकत नाही. अग्रपूजेचा मान म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मग ढोल वाजतात आणि ल्वा माणसाच्या अंगात येतो. ज्याच्या अंगात येतो त्याला 'घोडा' म्हणतात, कारण देव त्याच्यावर स्वार होतो. झोरा नील हर्स्टन यांनी १९३८च्या आपल्या पुस्तकाला 'टेल माय हॉर्स' हे नाव दिले ते यावरूनच. अंगात येणाऱ्याला 'झाड' म्हणणारी भाषा आपल्याकडेही आहे. त्यांनी देहाला घोडा म्हटले, आपण झाड म्हटले.

आता बॅरन सामदी घ्या. काळा डगला, उंच टोपी, काळा चष्मा, नाकपुड्यांत प्रेताला घालतात तसा कापूस. हा स्मशानाचा धनी. मिरची घातलेली रम पितो, अर्वाच्य बोलतो, अचकट विचकट नाचतो. पण आजारी पोर घेऊन आई शेवटी त्याच्याकडेच जाते, कारण त्याने खड्डा खणायला नकार दिला तर मरण येऊ शकत नाही. त्याच्या गेदे परिवाराचा सण नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत असतो. लोक कबरस्तानात जातात, मृतांना कॉफी आणि रम देतात, अश्लील विनोद करतात आणि हसतात. मरणासमोर अश्लीलतेला मोकळीक का द्यायची, हे शिमग्याला बोंब ठोकणाऱ्या समाजाला समजावून सांगावे लागू नये. जेम्स बाँडच्या १९७३च्या 'लिव्ह अँड लेट डाय'मध्ये हाच बॅरन एका अमली पदार्थांच्या व्यापाऱ्याचा गुंड आहे आणि धर्म आहे तो अफूच्या मळ्यांपासून भोळ्या बेटवासीयांना दूर ठेवण्याचे बुजगावणे. डिस्नेच्या २००९च्या 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग'मध्ये उंच टोपी आणि कवटीचे तोंड खलनायकाकडे गेले. आणि टाचण्या टोचलेली ती प्रसिद्ध बाहुली? तिचे मूळ वोदूपेक्षा युरोपातल्या चेटकात अधिक सापडते. म्हणजे युरोपने स्वतःचे चेटूक हैतीच्या नावावर खपवले.

यावर कुणी म्हणेल, ग्रीक देवांनाही फँटसीवाले असेच वापरतात. वापरतात खरे, पण तसेच नव्हे. २००५पासून आलेल्या पर्सी जॅक्सनच्या कथांत झ्यूस आणि पोसायडन विनोदी होतात, गैरवागतात, तरी ते देवच राहतात आणि वाचक मूळ पुराणकथांकडे वळतो. साहित्यव्यवहारात तीन कप्पे आहेत: युरोपचे ते पुराण, आपले तो धर्म आणि काळ्यांचा तो जादूटोणा. हे कप्पे कुणी ठरवले, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही. १९८४ साली 'इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम' आला तेव्हा अमरीश पुरींचा मोलाराम कालीसमोर माणसाचे काळीज काढतो हे पाहून आपण संतापलो होतो. राजवाड्यातल्या मेजवानीत वाढलेली माकडांची मुंडकी पाहून आणखी संतापलो. संताप योग्यच होता. पण तोच प्रेक्षक बॅरन सामदीला पाहून मुकाट्याने घाबरतो आणि मुकाट्याने घरी येतो. मोलाराम ही बदनामी आणि बॅरन ही करमणूक, असा निवाडा करणारी नजर आपली नाही. ती उसनी आहे.

या गोष्टींनी बिघडते काय? बरेच बिघडते. १७९१च्या ऑगस्टमध्ये ब्वा कायमान येथे वोदूचा विधी होऊन गुलामांच्या बंडाला तोंड फुटले, अशी हैतीची राष्ट्रीय आठवण आहे. तपशिलाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, पण १ जानेवारी १८०४ रोजी स्वतंत्र झालेल्या या देशाने त्या रात्रीला आपला आरंभ मानले. १८२५ साली फ्रान्सने स्वातंत्र्याची किंमत म्हणून १५ कोटी फ्रँक मागितले. पुढे ते ९ कोटी झाले आणि ते फेडता फेडता देश पिळून निघाला. १२ जानेवारी २०१०च्या भूकंपानंतर मात्र पॅट रॉबर्टसन या अमेरिकन धर्मोपदेशकाने दूरचित्रवाणीवर सांगितले की या लोकांनी सैतानाशी करार केला होता, म्हणून त्यांच्यावर ही वेळ आली. त्याच वर्षी कॉलरा पसरला. तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतून आला होता. त्या प्रादुर्भावातला आपला वाटा संघटनेने २०१६ साली मान्य केला. परंतु २०१०च्या अखेरीस जमावांनी चाळीसहून अधिक माणसांना, मुख्यतः वोदूच्या पुजाऱ्यांना, 'रोग यांनीच पसरवला' म्हणून ठार मारले. मारणारे हैतीयनच होते, हे आम्ही लपवत नाही. धर्माची निंदा बाहेरून पुरेशी वर्षे झाली की ती घरातही बोलली जाऊ लागते. २०२४च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत हैतीयन स्थलांतरित लोकांची पाळीव कुत्री-मांजरे खातात अशी आवई उठली. ओहायोतल्या त्या शहराच्या अधिकाऱ्यांनी तिला आधार नसल्याचे सांगितले, तरी ती पसरली. अशी आवई रुजायला जमीन लागते, आणि ती जमीन नांगरणाऱ्यांत शंभरेक वर्षांचे चित्रपट आणि खपाऊ कादंबऱ्याही आहेत.

आमच्या विवेकवादी मित्रांचा आक्षेप आम्हांला ऐकू येतो आहे: "म्हणजे तुम्ही अंधश्रद्धेची तरफदारी करता?" नाही. २०१३ साली डॉ. दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, हे आम्ही विसरलेलो नाही. हैतीतही धर्म शोषणाचे हत्यार झालेला आहे. १९५७ साली सत्तेवर आलेला हुकूमशहा दुवालिए बॅरन सामदीची छबी मिरवून लोकांना धाकात ठेवत असे. पण दाभोलकरांची चळवळ गावात जाऊन, माणसांशी बोलून, त्यांच्याच भाषेत वाद घालत होती. वूडूचे चित्रपट कुणाशी वाद घालत नाहीत. त्यांना श्रद्धा खोटी ठरवायची नसते. ती खरी आणि भयंकर आहे असे दाखवून तिकिटे विकायची असतात. ही चिकित्सा नव्हे. चेटूक खरे असते, असे ठसवणारी याहून मोठी यंत्रणा आम्हांला दिसत नाही.

चिकित्सा कशी असते ते नालो हॉपकिन्सन यांच्या १९९८च्या 'ब्राउन गर्ल इन द रिंग' या कादंबरीत पाहावे. हॉपकिन्सन जमैकात जन्मल्या आणि कॅनडात वाढत्या वयात आल्या. कादंबरीतले टोरांटो भविष्यातले आहे. श्रीमंत आणि सरकार शहराचा मध्य सोडून निघून गेले आहेत. तेथे एक आजी झाडपाल्याने आणि देवांच्या साह्याने लोकांची शुश्रूषा करते, आणि रूडी नावाचा गुंड त्याच विद्येने माणसाचा आत्मा एका भांड्यात कोंडून त्याला आपला चाकर करतो. सेवा आणि गुलामी यांतला फरक, म्हणजे झोंबीच्या कल्पनेचे मर्म, येथे धर्माच्या आतून मांडले जाते. दुष्टपणा कोणत्या कृतीत आहे ते लेखिका दाखवते. तो देवाच्या रंगात शोधत नाही. नील गेमन हे इंग्रज, पण २००१च्या 'अमेरिकन गॉड्स'मध्ये त्यांनी गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या जुळ्या भावंडांची कथा घातली. भाऊ सँ-दोमँगच्या बंडात जातो, बहीण न्यू ऑर्लिन्सला. देव जहाजाच्या तळघरातून, साखळदंडातल्या माणसांबरोबर आले, हे त्यांनी विसरू दिले नाही. सबब प्रश्न जन्माचा नाही. बाहेरच्याने लिहू नये असे आम्ही म्हणत नाही. कर्ज घेतले असेल तर त्याची नोंद ठेवावी, एवढेच म्हणतो.

शेवटी आपल्या अध्यापनाविषयी. 'जादुई वास्तववाद' हा शब्द न लिहिता आज मराठीचा एकही विद्यार्थी एम. ए. होत नाही. पाच गुणांची टीप ठरलेली: व्याख्या, लक्षणे, मार्केस, रश्दी, मग एखाददुसरे मराठी नाव. या संकल्पनेच्या उभारणीत ज्याचा मोठा वाटा आहे तो क्युबन लेखक आलेहो कार्पेंतिए १९४३ साली हैतीला गेला होता आणि 'अद्भुत वास्तव' ही त्याची कल्पना १९४९च्या 'द किंग्डम ऑफ धिस वर्ल्ड' या कादंबरीच्या प्रस्तावनेत मांडली गेली. तीत माकांदाल हा बंडखोर गुलाम आहे. १७५८ साली त्याला जाहीरपणे जाळण्यात आले. गोऱ्यांनी त्याला जळताना पाहिले. गुलामांनी त्याला ज्वाळांतून उडून जाताना पाहिले. एकच घटना, दोन साक्षी, आणि त्या दोहोंमध्ये उभी असलेली सत्ता. कादंबरी भाबडीही नाही. पुढे काळा राजा क्रिस्तोफ आपल्याच लोकांना किल्ला बांधायला वेठीला धरतो, तेही ती सांगते. आम्ही मात्र विद्यार्थ्यांना 'अद्भुत' ही शैली म्हणून शिकवतो, अलंकारांच्या यादीत शोभेल अशी. कुणाच्या श्रद्धेतून, कुणाच्या जखमेतून ती आली, हे सांगत नाही. डिस्नेने पडद्यावर केले तेच आम्ही फळ्यावर करतो, फक्त आमच्याकडे गाणी नसतात.

ढेरे यांनी लोकदेवतांकडे पाहायला शिकवलेल्या आपल्या भाषेला हे शोभत नाही. फ्रान्सच्या १६८५च्या कायद्याने गुलामांना सक्तीने कॅथलिक केले. त्यांनी सर्पदेव दांबाला संत पॅट्रिकच्या तसबिरीत पाहिला, कारण तसबिरीत साप होते. मढीला एकाच समाधीस कानिफनाथ आणि शाह रमजान म्हणून नमस्कार होताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही कृती फसवणूक वाटणार नाही की गोंधळही वाटणार नाही. हा धर्म समजून घेण्याची साधने आपल्याजवळ इंग्रजी वाचकापेक्षा अधिक आहेत. ती न वापरता आपण परक्याचा चष्मा लावून बसतो, ही आमची खंत.

पुढच्या वर्षी 'झोंबी' हा शब्द आम्ही पुन्हा फळ्यावर लिहिणार आहोत. यादवांचा मळा आणि पडद्यावरचे प्रेत ही उत्तरे येतीलच. तिसरे या वेळी आम्ही सांगू: उसाच्या फडात राबणारा, अळणी जेवणारा, मिठाच्या एका कणाची वाट पाहणारा माणूस. मग 'झोंबी'तला तो शाळेसाठी आसुसलेला पोर पुन्हा वाचायला काढू आणि त्याला मीठ कुठे भेटले, असे वर्गाला विचारू.